स्मॉलपाईप्सचे ड्रोन सारखे उतरतात? रीडला हात लावण्याआधी हे तपासा

तक्रार बहुतेकांची एकच असते. स्मॉलपाईप्स, म्हणजे भात्याने वाजवायचं छोटं स्कॉटिश बॅगपाईप, पेटीतून काढलं, त्याचे ड्रोन (तंबोऱ्यासारखा एकच सूर धरून ठेवणाऱ्या नळ्या) लावले, सगळं छान जुळलं. एक चाल वाजवून होते न होते तोच खर्ज घरघरायला लागतो, मधला पंचम भलतीकडे सरकतो आणि चँटरचा, म्हणजे बोटांनी वाजवायच्या भोकांच्या नळीचा, वरचा षड्ज चढल्यासारखा वाटतो. पुन्हा ड्रोन लावायचे, पुन्हा तेच. असं काही दिवस चाललं की माणूस वैतागून चँटर काढतो आणि आतल्या रीडवरची (हवेने थरथरून आवाज काढणाऱ्या पत्तीवरची) तार चिमटीत धरून दाबून बघतो. खरी पंचाईत तिथून पुढे सुरू होते. मूळ दोष जिथल्या तिथे राहतो, वर रीडही बिघडते.

इकडे स्कॉटलंडमध्ये राहणारे आपले काही लोक हे वाद्य घेतात आणि ‘रीड खराब आहे का बघ ना’ म्हणून माझ्याकडे घेऊन येतात. रीड क्वचितच खराब असते. संशय घ्यायचा क्रम माझ्या लेखी असा: आधी हवेची गळती, मग वाजवणाऱ्याचा हात, मग खोलीतली हवा, आणि सगळ्यात शेवटी रीड. लोक नेमके उलट्या टोकाकडून सुरुवात करतात, कारण बाजारात मिळते ती रीड. हात कुठे विकत मिळतो?

हे सगळं मी स्कॉटिश स्मॉलपाईप्सबद्दल सांगते आहे. म्हणजे लग्नाच्या वरातीत किंवा लष्करी संचलनात दिसतो तो मोठा हायलँड पाईप नव्हे. त्याचा आवाज शंभर डेसिबलच्या पुढे जातो, फ्लॅटमध्ये वाजवला तर शेजारी पोलीस बोलावतील. स्मॉलपाईप्सची नळी आतून सरळ, एकसारख्या रुंदीची असते, त्यामुळे आवाज मृदू आणि खालच्या सप्तकातला येतो. फिडल-गिटारबरोबर बसून वाजवता येतं. आज दिसतो तो घाट १९८०च्या दशकात रूढ झाला. कॉलिन रॉस या उत्तर इंग्लंडमधल्या कारागिराचा त्यात मोठा वाटा. बोटं मात्र हायलँड पाईपचीच ठेवली, त्यामुळे एक वाजवणाऱ्याला दुसरं उचलता येतं. हवा तोंडाने नाही, उजव्या काखेखालच्या भात्याने भरायची. डाव्या काखेत पिशवी. पिशवीतून एका बुंध्यात बसवलेले तीन ड्रोन आणि पुढे चँटर.

गाण्याचं अंग असलेल्यांसाठी एवढंच सांगते की चँटरवर नऊ स्वर असतात आणि षड्जापासून मोजले तर तो सरळ खमाज थाट आहे: सगळे शुद्ध, निषाद कोमल, शिवाय षड्जाच्या खाली एक मंद्र कोमल निषाद. सर्वाधिक चालणारी पट्टी ‘ए’, म्हणजे आपली पांढरी सहा. तीन ड्रोनपैकी एक चँटरच्या खालच्या षड्जाशी मिळतो, एक त्याच्या सप्तकभर खाली, आणि त्या दोघांच्या मधे पंचम. तंबोरा लावलेल्या माणसाला यात नवीन काही नाही. म्हणूनच आपल्या लोकांना ड्रोन उतरलेला पटकन कळतो, आणि पटकन कळतो म्हणून ते पटकन वैतागतातही.

आधी गळती

चँटर आणि ड्रोन काढून बाजूला ठेवा. पिशवीला जोडलेल्या लाकडी तोंडांत (यांना इकडे स्टॉक म्हणतात) घट्ट बसतील अशी बुचं घाला. औषधाच्या दुकानात मिळणारी रबरी बुचं चालतात. भात्याने पिशवी टम्म भरा आणि भाता थांबवा. आता पिशवीवर हात ठेवून दाब देत राहा. चांगली पिशवी दोन-तीन मिनिटं ढिम्म हलत नाही. हाताखाली ती हळूहळू बसत गेली तर गळती आहे, आणि गळती असेपर्यंत पुढचं काहीही तपासण्यात अर्थ नाही. कारण गळती भरून काढायला तुम्ही नकळत जास्त जोराने आणि जास्त वेळा भाता मारता, त्याने दाब वरखाली होतो, आणि दाब हलला की सूर हलतो.

गळती कुठे आहे ते शोधायला साबणाचं पाणी ब्रशने सांध्यांवर लावा, बुडबुडे दिसतील. लाकडाला पाणी लावायची भीती वाटत असेल तर गाल जवळ नेऊन बघा. ओलसर गालाला वाऱ्याची बारीक झुळूकही जाणवते. माझ्या बघण्यात गळती बहुतेक वेळा तीन ठिकाणी सापडते. पहिली जागा म्हणजे भात्यापासून पिशवीकडे येणारी नळी जिथे जोडतात तो सांधा. दुसरी, त्याच वाटेवरची पिशवीच्या तोंडाची झडप. ही चामड्याची छोटी टिकली असते, हवा आत जाऊ देते आणि परत येऊ देत नाही. भात्याची नळी काढून टाका आणि भरलेली पिशवी दाबा. पिशवीच्या त्या तोंडातून हवा परत आली तर झडप नीट बसत नाही. पुष्कळदा तिच्याखाली नुसता दोऱ्याचा तुकडा किंवा धूळ अडकलेली असते. तिसरी जागा भाता स्वतः: उघडा, बाहेर जाणाऱ्या तोंडावर अंगठा घट्ट दाबा आणि मिटायचा प्रयत्न करा. मिटला नाही पाहिजे. मिटत असेल तर हवा आत घेणारी झडप तपासा, नंतर शिवण.

सांध्यांचं दोरा गुंडाळण्याचं काम प्रत्येकाने शिकलंच पाहिजे, ते कारागिरावर टाकू नका. लाकडाच्या खाचांवर तागाचा पिवळा दोरा ताणून, एकाला एक लागून, बारीक वेढ्यांनी गुंडाळायचा. ढिला गुंडाळलात तर आत जाताना गोळा होतो. चार-पाच वेढे कमी ठेवून एकदा घालून बघायचं, मग एकेक वेढा वाढवायचा. ड्रोनचा सरकणारा भाग दोन बोटांनी फिरवत सरकला पाहिजे, पण स्वतःच्या वजनाने खाली घसरता कामा नये. चँटर स्टॉकमध्ये पिळूनच बसला पाहिजे. घाईच्या वेळी नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप चालते. कायमची नको, ती गुळगुळीत असल्याने ड्रोन वाजवता वाजवता आपोआप सरकतो. ‘ड्रोन उतरतात’ म्हणून आलेली एक तक्रार शब्दशः खरी होती! सगळ्या सांध्यांवर टेप होती, आणि वाजवताना होणाऱ्या थरथरीने खर्जाचा वरचा तुकडा केसाकेसाने बाहेर येत होता.

मग हात

गळती नाही, तरी सूर हलतो. मग पाहायचं ते तुमच्या दोन कोपरांकडे.

पिशवीतला दाब सारखा राहिला तरच सूर सारखा राहतो. दाब वाढला की चँटर चढतो. ड्रोनही हलतात, पण ते चँटरच्याच प्रमाणात हलतील असं नाही. म्हणून जुळलेलं वाद्य जरा जोराने दाबलं की लगेच विसंवादी होतं. आता होतं असं की नवशिका भाता उघडायला हात वर नेतो तेव्हा पिशवीवरचा दाब ढिला पडतो, आणि भाता मिटतो तेव्हा दोन्ही हात एकदम दाबतात. प्रत्येक भात्याला सूर खाली-वर. स्वतःला ते ऐकू येत नाही, कारण लक्ष बोटांकडे असतं. समोरच्याला मात्र हेलकावणाऱ्या बोटीत बसल्यासारखं वाटतं.

खरी गोष्ट अशी की दाब पिशवीच्या हाताने राखायचा असतो, भात्याचं काम फक्त भरपाईचं. भाता मिटताना डावा हात किंचित सैल होतो, पिशवी जरा फुगते. भाता उघडताना डावा हात तेवढाच आत येतो. भाता पूर्ण उघडायचा, सावकाश मिटायचा. घाईघाईने अर्धे-अर्धे भाते मारणं ही सगळ्यात हट्टी सवय. आपल्याकडे पेटी (हार्मोनियम) वाजवणाऱ्यांना ही सवय जास्त असते. पेटीच्या भात्यात आतली स्प्रिंग दाब राखते, इथे ती स्प्रिंग म्हणजे तुमचं कोपर.

हे डोळ्यांनी बघायची एक स्वस्त युक्ती आहे आणि मी ती प्रत्येकाला करायला लावते. मत्स्यालयाच्या दुकानातून दीड-दोन मीटर पारदर्शक नळी आणा. फळीवर इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून बसवा. तळाशी रंगीत पाणी भरा, कुंकवाची चिमूटही चालते. एक टोक उघडं, दुसरं टोक भोक पाडलेल्या बुचातून एका ड्रोनच्या स्टॉकमध्ये. आता चँटर आणि उरलेले ड्रोन लावून वाजवा. दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक म्हणजे तुमचा दाब. बऱ्याच स्मॉलपाईप्सना हा फरक ४० सेंटिमीटरच्या आसपास लागतो. तुमच्या रीडप्रमाणे थोडा कमी-जास्त. एकाच बाजूचं पाणी किती चढलं तेवढंच मोजू नका, ते निम्मंच दाखवतं.

पहिल्यांदा हे लावलं की माणूस हादरतो. पाणी वीतभर वरखाली नाचत असतं. मग चँटरला बूच लावायचं, एकच ड्रोन चालू ठेवायचा आणि फक्त भाता-पिशवी करायची. बोटं नाहीत, चाल नाही. पाण्याचा नाच दोन-तीन सेंटिमीटरच्या आत आला की चँटर उघडायचा आणि एकच लांब स्वर धरायचा. त्यानंतर स्वर बदलायचे. कंटाळवाणं आहे, पण कितीही रीडा बदलल्या तरी हे टळत नाही.

सैन्यात पाईप वाजवलेल्यांना इथे वेगळीच अडचण येते. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीसारख्या पलटणींत पाईप बँड असतात, तिथून निवृत्त झालेल्या माणसाची बोटं या वाद्यावर पहिल्या दिवसापासून चालतात. पण हायलँड पाईपला लागणारा दाब याच्या दुप्पट. त्या सवयीने इथे दाबलं की चँटर किंचाळतो, ड्रोन गप्प होतात आणि दोष रीडला दिला जातो. अशांनी तर पाण्याची नळी आधी लावावी.

ट्यूनर फसवतो, कान नाही

फोनवरच्या ट्यूनरने प्रत्येक स्वर हिरव्या काट्यावर आणला, तरी ड्रोनवर वाजवताना गंधार टोचतो. मग लोक भोकांवर टेप लावतात, काढतात, परत लावतात. ट्यूनर पियानोचे समान अंतराचे स्वर दाखवतो. ड्रोनच्या वाद्याला ते चालत नाहीत. षड्ज २२० हर्ट्झला असेल तर ड्रोनशी मिळणारा शुद्ध गंधार २७५ वर लागतो, ट्यूनर मात्र २७७ मागतो. म्हणजे आपला गंधार ट्यूनरवर १४ सेंट उतरलेला दिसला पाहिजे (पियानोच्या लगतच्या दोन स्वरांमधल्या अंतराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट). धैवत १६ सेंट उतरलेला. रिषभ ४ सेंट चढा, मध्यम आणि पंचम जवळजवळ काट्यावर. कोमल निषादाबद्दल कारागिरांतच मतभेद आहेत. काही जण तो थोडासा उतरलेला ठेवतात, काही जण चांगला ३० सेंटपर्यंत उतरवतात. मला दुसरा आवडतो. पण गिटारबरोबर वाजवायचं असेल तर पहिला ठेवा.

तंबोऱ्याच्या जवारीतून स्वयंभू गंधार ऐकलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. फोनवर तंबोऱ्याचं अ‍ॅप पांढरी सहाला लावा आणि चँटरचा एकेक स्वर त्यावर लांब धरा. जो स्वर तंबोऱ्यात विरघळतो तो बरोबर. जो बाजूला उभा राहतो त्याच्या भोकाच्या वरच्या कडेला इलेक्ट्रिकल टेपची बारीक पट्टी लावली की तो उतरतो.

ड्रोन लावताना ट्यूनर पूर्ण बंद. खर्ज आणि पंचम बुचाने बंद करा, षड्जाचा ड्रोन चँटरच्या खालच्या षड्जाशी लावा. दोन्ही २२० च्या जवळ आले की आवाजात लाटा ऐकू येतात. एक २२० आणि दुसरा २२२ वर असेल तर सेकंदाला दोन लाटा. ड्रोन बाहेर ओढला की उतरतो, आत ढकलला की चढतो. लाटा मंदावत गेल्या तर दिशा बरोबर. त्या लांबत लांबत नाहीशा होतात. मग खर्ज उघडा, तो षड्जाच्या ड्रोनशी लावा. पंचम सगळ्यात शेवटी. लावताना एक हात चँटरवरून उचलून ड्रोनकडे न्यावा लागतो आणि तेव्हा दाब बदलतो, म्हणून एका हाताने ड्रोन फिरवताना दोन्ही कोपरं आपापलं काम करत राहिली पाहिजेत. आणि पेटीतून काढल्याबरोबर लावू नका. दहा-पंधरा मिनिटं वाजवून मग लावा, कारण पिशवीतली हवा, नळ्या आणि रीडा तोवर स्थिरावत असतात.

खोलीतली हवा

तापमानाचा परिणाम सरळ आहे. हवा एक अंश तापली की सूर साधारण ३ सेंट चढतो. थंड गाडीतून उबदार पबमध्ये गेलात, दहा-बारा अंशांचा फरक पडला, की वाद्य ३०-३५ सेंट चढतं. पण ड्रोन आणि चँटर साधारण बरोबरच चढतात, म्हणून स्वतःशी जुळलेलं राहतं, इतरांशी जुळत नाही. थोडा वेळ थांबा.

आर्द्रता जास्त छळते. चँटरची रीड बोरूची दुहेरी पात असते, आणि बोरू हवेतला ओलावा घेतो-सोडतो. इकडे हिवाळ्यात हीटर सुरू झाले की घरातली हवा कोरडी पडते. दोन पातींमधली फट मिटत जाते, आवाज बारीक आणि घोगरा होतो, वरचे स्वर चढतात. दमट हवेत उलट: फट उघडते, रीड जड होते, जास्त दाब मागते. आपल्या सनईवाल्यांना पत्ती ओठांत ओली करून घ्यायची सवय असते. इथे तसं करायचं नाही. या रीडा कोरड्याच वाजवायच्या असतात, म्हणून तर भाता आहे. त्यामुळे त्या वर्षानुवर्षं टिकतातही.

माझ्या ओळखीच्या एका ताईंचा संच ऑक्टोबरपासून बिघडला होता. दोन नव्या रीडा आल्या आणि बसवून झाल्या. वाद्याची पेटी कुठे ठेवता विचारलं तर खिडकीखाली, रेडिएटरच्या अगदी अंगाला. पेटी आतल्या भिंतीच्या कपाटात हलवली, आत गिटारवाले वापरतात तशी ओलावा राखणारी पुडी आणि एक छोटं आर्द्रतामापक टाकलं. मग आधीचीच रीड परत लावली, आठवड्याभरात ती ठिकाणावर आली. पेटीत ४५ ते ६० टक्क्यांच्या दरम्यान काटा राहिला की पुरे.

पुण्या-मुंबईला वाद्य नेणार असाल तर जुलैत उलटा प्रश्न येतो: सिलिका जेलच्या पुड्या टाका, आणि पिशवीला बुरशी धरते का बघत राहा. विदर्भात मे महिन्यात तर लाकडावरची धातूची वळी सैल पडून निघून येतात. चिकटवायची घाई करू नका, पावसाळ्यात लाकूड फुगलं की घट्ट बसतात. बहुतेक संच आफ्रिकन ब्लॅकवुडचे असतात. तयार वाद्य म्हणून प्रवासात नेताना साइट्सची (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराची) अडचण २०१९ पासून उरलेली नाही, पण जुन्या संचावर हस्तिदंताच्या कड्या असतील तर तो विमानात नेऊच नका.

आता रीड, पण बेताने

इथवर सगळं तपासून झालं असेल तरच. चँटरच्या रीडच्या बाबतीत घरी करण्यासारखी एकच गोष्ट आहे: ती किती आत बसवायची. खालचा आणि वरचा षड्ज ताडून बघा. वरचा चढा असेल तर रीड केसभर बाहेर, उतरलेला असेल तर केसभर आत. रीड आत गेली की सगळेच स्वर चढतात, पण वरचे जास्त. पकडायची ती बुडाशी, दोऱ्यापाशी. पातींना बोट लागता कामा नये. हलवण्याआधी बुडाशी पेन्सिलने खूण करून ठेवा. परत जागेवर येता आलं पाहिजे.

तारेचं कडं दाबणं, पाती खरवडणं, ही कामं शिकाऊ माणसाची नाहीत. ड्रोनच्या रीडला मात्र भ्यायचं कारण नाही, त्यांची जीभ एकेरी आणि दणकट असते, पुष्कळदा प्लॅस्टिकची. जिभेवरचं रबरी कडं मोकळ्या टोकाकडे सरकवलं की सूर चढतो, बुडाकडे सरकवलं की उतरतो. ड्रोन पूर्ण आत ढकलूनही उतरलेलाच राहत असेल तेव्हाच याची गरज.

एक तक्रार रीडच्या नावावर हमखास जमा होते: ‘खालचा स्वर लागतच नाही, किंचाळतो.’ शंभरातल्या नव्वद वेळा वरच्या हाताचं एखादं भोक अर्धवट उघडं असतं. बासरीसारखी बोटांची टोकं लावू नका. बोटं सरळ, सपाट, आणि मधल्या पेराचा मऊ भाग भोकावर. घट्ट पकडलं की बोट उलट वर उचललं जातं. वाजवून झाल्यावर बोटांवर भोकांच्या गोल खुणा बघा, कोणत्या बोटावर अर्धाच गोल आहे ते लगेच कळतं.

अजून घेतलं नसेल तर

यातला निम्मा त्रास वाद्य घेतानाच टाळता येतो.

इंटरनेटवर शंभर-सव्वाशे पौंडांत टार्टनच्या झगझगीत खोळीतले संच मिळतात. त्यांची खोळ छान असते. भोकं अंदाजाने पाडलेली, रीड बसत नाही, झडपा गळतात. त्यावर वरचे सगळे उपाय करून उपयोग शून्य. चांगला नवा संच हजार पौंडांच्या पुढेच जातो आणि कारागिराकडे बरेच महिने थांबावं लागतं. थांबा. तोवर प्लॅस्टिकचा प्रॅक्टिस चँटर घ्या, तो या मानाने फारच स्वस्त. बोटं तीच. या वाद्यात सूर तुटत नाही, म्हणून एकच स्वर दोनदा वाजवायचा तर मधे दुसऱ्या बोटाचा कण टाकून तो कापावा लागतो. हे कण हातात बसायला वेळ लागतो आणि ते भात्याशिवाय शिकणंच सोपं जातं. (नॉर्थम्ब्रियन स्मॉलपाईप्स वेगळे. त्यांच्या चँटरचं टोक बंद, एका वेळी एकच बोट उघडायचं, त्यामुळे स्वर तुटक आणि टपोरे निघतात. तेही सुंदर वाद्य आहे. न्यूकॅसलकडे राहत असाल तर मॉर्पेथचं बॅगपाईप संग्रहालय बघून मग ठरवा.)

पट्टीबद्दल: सेशनमध्ये लोकांबरोबर वाजवायचं तर ए. मात्र ए चा चँटर लांब असतो, भोकांत अंतर जास्त. हात लहान असेल तर सी किंवा डी, म्हणजे पांढरी एक किंवा दोन, सोपी पडते. बोटं ताणून भोक झाकावं लागत असेल तर तो किंचाळणारा खालचा स्वर कायमचा पाहुणा होईल. विकत घेण्याआधी कोणाचा तरी चँटर नुसता हातात धरून बघा. एडिनबर्गला सँडी बेल्ससारख्या पबात, ग्लासगोला ऑगस्टमध्ये पाईपिंगच्या जत्रेत, विचारलं तर लोक आनंदाने देतात.

तोंडाने फुंकायचे स्मॉलपाईप्सही मिळतात, भात्याची कटकट नको म्हणून लोक ते घेतात. माझं मत विरुद्ध आहे. श्वासातला ओलावा रीडवर जातो आणि वाजवता वाजवता सूर हलत राहतो, म्हणजे ज्या दुखण्यासाठी हा सगळा खटाटोप, तेच विकत घेतल्यासारखं. ड्रोन तीन घ्या, पण पहिले काही महिने षड्ज आणि खर्ज एवढेच उघडे ठेवा.

जुना संच घेताना विकणाऱ्याला तो तुमच्यासमोर सलग दहा मिनिटं वाजवायला सांगा, ड्रोनला हात न लावता. नाही वाजवला तर पुढे चला. आणि कारागीर हयात आहे का, दुरुस्ती करतो का, तेही विचारा. दुसऱ्याच्या चँटरला भलत्याची रीड क्वचितच जुळते. लोलँड अँड बॉर्डर पाईपर्स सोसायटी या संस्थेकडे शिकवण्या आणि वापरलेल्या संचांबद्दल चौकशी करता येते.

सगळं करूनही वाद्य ठिकाणावर येत नसेल तर कारागिराला लिहा, पण ‘सूर लागत नाही’ एवढंच लिहू नका. पाण्याच्या नळीवर किती सेंटिमीटर दाब आहे, खोलीचं तापमान आणि पेटीतली आर्द्रता किती, षड्ज-ड्रोनवर नऊ स्वरांपैकी कोणते किती सेंट चढे-उतरलेले, गळतीची चाचणी किती वेळ टिकली, ते लिहा. शिवाय एकच लांब खालचा षड्ज आणि एकच वरचा षड्ज, ड्रोनसकट, फोनवर रेकॉर्ड करून जोडा. चाल वाजवून पाठवू नका, त्यातून त्याला काही कळत नाही. रीड पाठवायला सांगितलीच तर चँटरसकट पाठवा, एकटी रीड पाकिटात घालून नको.